नॉर्मन रॉकवेल : मुखपृष्ठावर गोष्ट सांगणारा चित्रकार

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांचे नाव निघाले की दोन ठरलेले शेरे ऐकू येतात. चाहते म्हणतात, ‘किती गोड चित्रे!’ आणि जाणकार म्हणतात, ‘जरा जास्तच गोड.’ दोन्ही शेरे चित्रांच्या विषयापाशी येऊन थांबतात. आजी, नातू, कुत्रा, न्हाव्याचे दुकान, सणाच्या दिवशीचे जेवणाचे टेबल एवढेच पाहून माणसे बाजू घेतात. माझ्या मते रॉकवेल टिकले ते मांडणीच्या बळावर. चौकटीत कोणाला आणायचे, कोणाला अर्धेच दाखवायचे आणि कोणाला मुळीच येऊ द्यायचे नाही, हा निर्णय त्यांच्याइतक्या चोखपणे घेणारे चित्रकार मासिकांच्या जगात फार थोडे झाले. या धाग्यात त्या अंगाने चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

त्यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८९४ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. खेड्यातल्या अमेरिकेचा चित्रकार म्हणून ज्यांची ख्याती झाली, ते मुळात पक्के शहरी होते आणि खेडे त्यांना लहानपणी भेटले ते उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते, ही गोष्ट त्यांची चित्रे पाहताना ध्यानात ठेवावी असे मला वाटते. आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये थॉमस फोगार्टी यांच्याकडे ते बोधचित्रण (इलस्ट्रेशन) शिकले आणि जॉर्ज ब्रिजमन यांच्याकडे शरीररचना. हे तेच ब्रिजमन, ज्यांची शरीररचनेची पुस्तके आपल्याकडच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्याही हाती पडतात. एकोणिसाव्या वर्षी रॉकवेल ‘बॉइज लाइफ’ या स्काउटांच्या मासिकाचे कलासंपादक झाले, आणि २० मे १९१६ रोजी, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर त्यांचे पहिले चित्र छापून आले. त्या चित्रात रविवारचे कडक कपडे घातलेला एक मुलगा तान्ह्या भावंडाची बाबागाडी ढकलत निघाला आहे, दुधाची बाटली त्याच्या वरच्या खिशातून डोकावते आहे आणि बेसबॉल खेळायला निघालेले दोन मित्र त्याची टर उडवत आहेत. गंमत म्हणजे या तिन्ही मुलांसाठी रॉकवेल यांनी एकाच मुलाला समोर बसवले होते.

‘पोस्ट’ हे फिलाडेल्फियाहून निघणारे, लाखोंच्या खपाचे आणि पाच सेंटना मिळणारे साप्ताहिक होते. जॉर्ज होरेस लॉरिमर हे त्याचे दबदबा असलेले संपादक मुखपृष्ठाची निवड स्वतः करीत. १९१६ ते १९६३ अशी सत्तेचाळीस वर्षे रॉकवेल यांनी या साप्ताहिकासाठी काम केले आणि त्यांची तीनशेवीसहून अधिक मुखपृष्ठे त्यावर आली. मुखपृष्ठाचा रंग सुरुवातीला काळा आणि लाल एवढाच असे. त्यांचे पहिले पूर्ण रंगीत मुखपृष्ठ ६ फेब्रुवारी १९२६ चे आहे. दोन रंगांत निभावून नेण्याची ही दहा वर्षे त्यांच्या फार कामी आली असावीत, कारण पुढे भरपूर रंग हाती आल्यावरही त्यांच्या चित्राचा सांगाडा आकृतीच्या बाह्यरेषेवर आणि उजेड-अंधाराच्या हिशेबावर उभा राहिला. वृत्तपत्रांच्या ठेल्यावर चार हात अंतरावरून जाणाऱ्या माणसाला चित्राचा मथितार्थ एका दृष्टिक्षेपात कळला पाहिजे, आणि अंक घरी नेल्यावर त्याच माणसाला त्यात आणखी काही सापडत राहिले पाहिजे, अशी ती दुहेरी मागणी होती.

ही मागणी पुरी करण्याची त्यांची पद्धत नाटक बसवण्याच्या पद्धतीसारखी होती. आधी कल्पनेची लहान रेखाटने होत, मग शेजारीपाजारी, गावचा डॉक्टर, टेलिफोन ऑपरेटर, शाळकरी मुले यांच्यातून पात्रयोजना होई, मग कपडे आणि सामान जमवले जाई. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून ते छायाचित्रकार बोलावून प्रत्येक पात्राची अनेक छायाचित्रे काढवून घेत आणि हवा तो चेहरा मिळेपर्यंत स्वतः भुवया उंचावून, तोंड वाकडे करून समोरच्याला अभिनय करून दाखवत. त्यानंतर पूर्ण आकाराचे कोळशाचे रेखाटन, मग छोटे रंगीत टिपण, आणि सर्वांत शेवटी कॅनव्हासवर तैलरंग. एका मुखपृष्ठामागे एवढा खटाटोप असे, आणि त्याचे आयुष्य किती, तर पुढच्या आठवड्याचा अंक येईपर्यंतचे.

उदाहरणादाखल २५ सप्टेंबर १९५४ चे ‘ब्रेकिंग होम टाइज’ पाहू. जुन्या ट्रकच्या पायरीवर बाप आणि मुलगा शेजारी बसले आहेत. मुलगा कॉलेजला निघाला आहे. अंगावर नवा सूट, पायाशी बॅग, मांडीवर रिबिनीने बांधलेली शिदोरी. त्याची मान उंचावलेली आहे आणि नजर आगगाडी ज्या दिशेने यायची तिकडे लागली आहे. बाप पुढे वाकून, खांदे पाडून, नेमका उलट दिशेला पाहतो आहे. त्याच्या हातात दोघांच्याही टोप्या आहेत आणि कुत्र्याने आपले डोके मुलाच्या गुडघ्यावर टेकवले आहे. आगगाडी चित्रात कुठेही नाही. खालच्या कोपऱ्यात रुळाचा एक तुकडा तेवढा दिसतो, आणि गाडी थांबवण्यासाठी लागणारे लाल निशाण व कंदील बाजूला तयार ठेवलेले दिसतात. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे बघत नाहीत, आणि तरीही मुलाची टोपी बापाने धरून ठेवली आहे. या चित्राला भावनाविवश म्हणणाऱ्यांनी त्यात एकही अश्रू नाही हे पाहिलेले नसते. त्या काळात रॉकवेल यांची स्वतःची तीन मुले एकेक करून घराबाहेर पडत होती, हे कळल्यावर चित्र अधिक समजते असे नाही, पण ते कुठून आले असावे याचा अंदाज येतो.

त्यांचे स्वतःचे घर चित्रांतल्या घरांसारखे नव्हते. पहिला विवाह १९३० मध्ये मोडला. दुसऱ्या पत्नी मेरी यांना मानसिक आजार होता आणि १९५३ मध्ये कुटुंब व्हरमाँट राज्यातील आर्लिंग्टन सोडून मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिजला गेले, ते तिथल्या ऑस्टिन रिग्ज सेंटरमध्ये त्यांच्यावर उपचार व्हावेत म्हणून. स्वतः रॉकवेलही नैराश्यासाठी एरिक एरिक्सन या नामवंत मनोविश्लेषकांचा सल्ला घेत. मेरी १९५९ मध्ये अचानक गेल्या.

आता त्यांच्या मर्यादेविषयी, कारण ती टाळून रॉकवेल यांची थोरवी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘पोस्ट’च्या मुखपृष्ठावरची अमेरिका जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांची होती. कृष्णवर्णीय माणूस दाखवायचाच असेल तर तो हमाल, वेटर अशा सेवेच्या कामातच दाखवावा, असा तिथला दंडक होता आणि त्यापायी एका चित्रातून अशी आकृती आपल्याला पुसावी लागली होती, हे रॉकवेल यांनीच उतारवयात सांगितले. हा दंडक त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. १९६३ मध्ये ‘पोस्ट’शी असलेला संबंध संपला, आणि १४ जानेवारी १९६४ च्या ‘लुक’ मासिकात ‘द प्रॉब्लेम वुई ऑल लिव्ह विथ’ हे चित्र दोन पाने भरून छापले गेले. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी रूबी ब्रिजेस १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधील, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या विल्यम फ्रान्ट्झ शाळेत, विरोध करणाऱ्या जमावामुळे केंद्र सरकारच्या मार्शलांच्या (सुरक्षा अधिकाऱ्यांच्या) बंदोबस्तात पहिल्यांदा गेली, त्या प्रसंगावर ते आधारलेले आहे.

मला या दोन टप्प्यांतील चित्रकार वेगळे वाटत नाहीत. हत्यारे तीच आहेत. मार्शलांची डोकी चौकटीच्या वरच्या कडेने छाटली गेली आहेत, त्यामुळे चित्राची उंची मुलीच्या उंचीने ठरते. ओरडणारा जमाव दिसत नाही, कारण तो जिथे उभा असणार तिथे आता चित्र पाहणारा उभा आहे. ‘ब्रेकिंग होम टाइज’मध्ये जशी आगगाडी चौकटीबाहेर ठेवली, तसाच इथे जमाव चौकटीबाहेर ठेवला आहे. सभासदांनी आपापली मते अवश्य मांडावीत, विशेषतः विरोधी.

प्रतिसाद १

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण विरोधी मते मागवलीच आहेत म्हणून लिहितो. रॉकवेल यांची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे १९४३ मधील ‘फोर फ्रीडम्स’ ही चार चित्रे, आणि त्यांचा आपण उल्लेखही केलेला नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ च्या भाषणात सांगितलेली चार स्वातंत्र्ये (भाषणाचे, उपासनेचे, अभावापासून मुक्तीचे आणि भीतीपासून मुक्तीचे) लोकांच्या गळी उतरवण्याचे काम या चित्रांनी केले. ‘पोस्ट’ने ती फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये चार आठवडे ओळीने छापली, मग सरकारने मूळ चित्रांचा देशभर दौरा काढला आणि त्या मोहिमेतून १३ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे युद्धरोखे विकले गेले. हा प्रचार आहे, आणि प्रचार म्हणून उत्कृष्ट आहे. मात्र प्रचाराला आपण कलेच्या तराजूत का तोलावे? शिवाय ‘फ्रीडम फ्रॉम वाँट’मध्ये (अभावापासून मुक्ती) जेवणाच्या टेबलावर आणलेली ती भलीमोठी भाजलेली टर्की पाहून युद्धाने होरपळलेल्या युरोपातील माणसाला काय वाटले असेल?

धागालेखक

टर्कीबद्दल आपले म्हणणे अगदी मान्य. युरोपात त्या चित्रावर नाराजी व्यक्त झाली होती आणि खुद्द रॉकवेल यांनाही नंतर ते जाणवले होते. त्यात विपुलता दिसते, आणि भाषणातला मुद्दा अभावापासून मुक्तीचा होता. एक विरोधाभास पाहा. त्या चित्रासोबतचा निबंध ‘पोस्ट’ने कार्लोस बुलोसान यांच्याकडून लिहवून घेतला होता. ते फिलिपिन्समधून आलेले स्थलांतरित, शेतमजुरांच्या चळवळीतले लेखक. त्यांच्या निबंधात भुकेची आणि श्रमाची धग आहे, चित्रात भरलेले ताट आहे, आणि वाचकांच्या लक्षात राहिले ते ताटच.

तरीही ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ हे त्या चौकडीतले चित्र मी प्रचार म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. आर्लिंग्टनच्या ग्रामसभेत एक शेजारी नव्या शाळेच्या इमारतीविरुद्ध एकटाच उभा राहून बोलला आणि कोणाला त्याचे म्हणणे पटत नसतानाही सर्वांनी ते ऐकून घेतले, ही आठवण त्यामागे आहे. चित्रातला वक्ता मळकट जाकीट घातलेला कष्टकरी आहे, सभोवतालचे टाय बांधलेले आहेत. त्याचे खडबडीत हात पुढच्या बाकाच्या पाठीवर आहेत आणि जाकिटाच्या खिशातून गावाच्या वार्षिक अहवालाची घडी बाहेर डोकावते आहे. म्हणजे हा माणूस अहवाल वाचून आला आहे. भाषणस्वातंत्र्यावर चित्र काढायचे म्हटल्यावर मशाल, झेंडा किंवा तुटलेल्या साखळ्या काढणारे शंभर निघतील, पण अहवालाची घडी काढणारा विरळा. जाता जाता सांगतो की आरंभी वॉशिंग्टनमधील सरकारी युद्धप्रचार खात्याने रॉकवेल यांना या कल्पनेसाठी दारातूनच परत पाठवले होते. ‘पोस्ट’चे संपादक बेन हिब्ज यांनी मात्र ती उचलून धरली.

प्रतिसाद २

लेयेंडेकर यांचे नाव न घेता रॉकवेल यांच्यावर लिहिणे म्हणजे गुरूला वगळून शिष्याची बैठक मांडणे. जोसेफ ख्रिश्चन लेयेंडेकर यांनीही ‘पोस्ट’ची तीनशेवीसच्या वर मुखपृष्ठे केली. नव्या वर्षाच्या अंकावर तान्ह्या बाळाचे चित्र टाकण्याची प्रथा त्यांनी रुळवली, शर्टाला जोडायच्या ॲरो कॉलरच्या जाहिरातींतून अमेरिकन देखण्या पुरुषाची प्रतिमा घडवली. रॉकवेल न्यू रॉशेलमध्ये त्यांच्या शेजारीच राहत होते आणि तरुणपणी अक्षरशः त्यांच्या पाळतीवर असत. ब्रशचा फटकारा, कापडाच्या सुरकुत्यांची लय, रंगाचा ओलसर चकाकता पोत यांत लेयेंडेकर कितीतरी सरस आहेत. मग लोकांच्या मनात राहिले ते रॉकवेलच, याचे कारण काय असावे?

धागालेखक

कारागिरीबद्दल वाद नाही. लेयेंडेकर यांचा कुठलाही चौकोनी इंच मोठा करून पाहिला तरी डोळे दिपतात. पण त्यांची माणसे शिल्पासारखी आहेत. ती उभी राहिली की पूर्ण झाली. रॉकवेल यांच्या माणसांच्या बाबतीत आधी काहीतरी घडलेले असते आणि पुढे काहीतरी घडणार असते. ६ मार्च १९५४ चे ‘गर्ल ॲट मिरर’ घ्या. आतल्या पांढऱ्या झग्यावर आरशासमोर बसलेली मुलगी, मांडीवर सिनेतारकेचे छायाचित्र असलेले मासिक, जमिनीवर फणी आणि लिपस्टिक, आणि जरा दूर, जणू नुकतीच टाकून दिल्यासारखी, बाहुली. चित्रात हालचाल काहीच नाही, तरी त्या मुलीची मागची दहा मिनिटे आपण सांगू शकतो. या चित्रात सिनेतारका घालायला नको होती असे रॉकवेल यांना पुढे वाटत राहिले, आणि त्यांच्याशी मी सहमत आहे. मासिक काढून टाकले तर प्रश्न त्या मुलीचा स्वतःचा उरतो.

लेयेंडेकर यांच्या अखेरच्या दिवसांत कामे आटली होती. १९५१ मध्ये ते गेले तेव्हा अंत्यसंस्काराला मोजकीच माणसे होती आणि शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रॉकवेल होते.

प्रतिसाद ३

मी स्वतः चित्रकलेचा विद्यार्थी होतो. आमच्या वर्गात ‘प्रोजेक्टरवरून गिरवतो’ ही शिवी मानली जायची. रॉकवेल बॅलॉप्टिकन नावाच्या यंत्राने छायाचित्र कागदावर पाडून त्यावरून रेखाटन करीत, हे जगजाहीर आहे. मग यात चित्रकाराचे काम किती आणि कॅमेऱ्याचे किती, हा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

धागालेखक

प्रश्न प्रस्तुतच आहे, आणि रॉकवेल यांनाही तो छळत असे. लेयेंडेकर यांच्यासह जुन्या पिढीतले अनेक जण कॅमेऱ्याकडे नाक मुरडत, त्यामुळे त्यांनी स्वतःही तो जरा संकोचानेच स्वीकारला. पण मूळ छायाचित्रे आज उपलब्ध आहेत आणि ती चित्रांशेजारी ठेवून पाहता येतात. तसे पाहिले की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की असे एकही छायाचित्र नाही ज्यात संपूर्ण चित्र आहे. एका छायाचित्रातून हात, दुसऱ्यातून मान, तिसऱ्यातून खुर्ची, असे तुकडे जोडून प्रसंग उभा केलेला असतो.

दुसरे असे की गिरवताना ते बदल करीत, आणि बदल कुठे केला ते पाहणे हाच मोठा धडा आहे. २० सप्टेंबर १९५८ च्या ‘द रनअवे’मध्ये घरातून पळून निघालेला छोटा मुलगा आणि धिप्पाड पोलीस खानावळीच्या उंच स्टुलांवर शेजारी बसले आहेत. मुलाचे गाठोडे काठीला बांधून खाली पडले आहे. छायाचित्रे काढली गेली ती एका आधुनिक, चकचकीत साखळी-रेस्टॉरंटमध्ये. चित्रात मात्र रॉकवेल यांनी मागची बाजू साधी, जुनाट, गावाबाहेरच्या खानावळीची केली, म्हणजे मुलगा बऱ्यापैकी लांब येऊन पोहोचला आहे असे वाटावे.

आणि ‘रोझी द रिव्हेटर’चे, म्हणजे युद्धकाळात कारखान्यात राबणाऱ्या बाईच्या चित्राचे, काय म्हणाल? २९ मे १९४३ च्या त्या मुखपृष्ठासाठी बसलेली आर्लिंग्टनची टेलिफोन ऑपरेटर एकोणीस वर्षांची, सडपातळ मुलगी होती. रॉकवेल यांनी सिस्टिन चॅपेलच्या छतावरील मायकेलॅन्जेलोच्या प्रेषित यशयाची बैठक उचलली, तिला पैलवानी दंड दिले, मांडीवर रिव्हेट मारण्याचे यंत्र ठेवले आणि पायाखाली हिटलरचे पुस्तक. आपल्याला एवढे आडदांड केलेत म्हणून ती हिरमुसली असावी, कारण त्यांनी नंतर तिची माफी मागितली होती. यंत्राने गिरवून अशी बाई निघत नाही.

प्रतिसाद ४

आम्ही गेली काही वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि पाहुणे आले की त्यांना स्टॉकब्रिजच्या रॉकवेल संग्रहालयात नेणे हा आमच्या घरचा शिरस्ता होऊन बसला आहे, म्हणून दोन निरीक्षणे नोंदवते. पहिले आकाराविषयी. मुखपृष्ठ म्हणजे पुस्तकाहून थोडे मोठे, असा हिशेब डोक्यात धरून आपण जातो आणि समोर जवळजवळ चार फूट उंचीची तैलचित्रे उभी राहतात. ‘फोर फ्रीडम्स’ एका अष्टकोनी दालनात एकत्र लावली आहेत. ‘फ्रीडम फ्रॉम वाँट’मधला पांढऱ्या टेबलक्लॉथवरचा पांढऱ्या ताटल्यांचा आणि नुसत्या पाण्याच्या पेल्यांचा भाग छापील प्रतीत सपाट दिसतो, पण प्रत्यक्षात त्या पांढऱ्यात निळसर, करडे, पिवळट असे किती पदर आहेत हे पाहत तिथे बराच वेळ जातो. टर्कीपेक्षा मला तो टेबलक्लॉथ अधिक श्रीमंत वाटतो. खालच्या मजल्यावर ‘पोस्ट’ची सारी मुखपृष्ठे ओळीने लावलेली आहेत. ती सलग पाहिली की कोणती आठवडाभराची भाकरी होती आणि कोणती जीव ओतून केलेली होती, हे सहज ओळखू येते.

दुसरे रूबीच्या चित्राविषयी. भिंतीवर फेकून फुटलेला टोमॅटो छापील पानावर लाल डाग म्हणून दिसतो. मूळ चित्रात त्याचा लगदा आणि भिंतीवरून खाली ओघळलेला रस दिसतो, आणि तो मुलीच्या पांढऱ्याशुभ्र फ्रॉकला लागलेला नाही, थोडक्यात हुकला आहे, हे जाणवते. तिच्या हातात पट्टी, पेन्सिली आणि वही आहे. मार्शलांच्या मुठी आवळलेल्या आहेत, तिचा एक हात मात्र सहज सुटलेला आहे. माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही आणि अमेरिकेचा इतिहासही त्यांना माहीत नव्हता. भिंतीवर खरडलेला, कृष्णवर्णीयांना हिणवणारा तो शिवीसारखा शब्द त्यांना वाचता आला नाही. तरी त्या चित्रापाशी थांबून त्यांनी विचारले, ‘हिला शाळेत जाऊ देत नव्हते का?’

प्रतिसाद ५

‘लुक’ने रूबीच्या चित्रानंतर जे छापले त्याचाही उल्लेख व्हायला हवा. १९६४ मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीच्या कामाला गेलेल्या चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुणांचा खून झाला, त्यावर रॉकवेल यांनी ‘मर्डर इन मिसिसिपी’ केले. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी रंगीत कच्चे टिपण केले आणि मग पूर्ण तैलचित्र. मासिकाने जून १९६५ मध्ये छापले ते कच्चे टिपण, कारण त्यातला राग थेट होता. पूर्ण चित्रात तपशील वाढला तसा तो राग थोडा निवला. आपण मांडणीचा आणि कारागिरीचा एवढा गौरव केला आहे, तर ज्या एका प्रसंगी त्यांची कारागिरीच आड आली तो प्रसंगही नोंदवावा असे वाटले.

आणखी एक, आपल्या जवळचा धागा. १९ जानेवारी १९६३ च्या ‘पोस्ट’वर पंडित नेहरूंचे व्यक्तिचित्र आहे, तेही रॉकवेल यांचेच. भारत-चीन युद्ध थांबून जेमतेम दोन महिने झाले होते. त्या काळात ‘पोस्ट’ला गोष्ट सांगणारी मुखपृष्ठे नकोशी झाली होती आणि रॉकवेल यांच्याकडून नेत्यांचे चेहरे तेवढे मागवले जात होते. दीनानाथ दलालांच्या दिवाळी अंकांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला दलाल आणि रॉकवेल यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण दलालांची मुखपृष्ठे भावगीतासारखी आणि रॉकवेल यांची लघुकथेसारखी असल्यामुळे तो आवरतो.

धागालेखक

‘मर्डर इन मिसिसिपी’चा मुद्दा उत्तम आहे आणि माझ्या मांडणीला त्याने चांगलाच धक्का दिला आहे. एवढेच म्हणेन की त्या चित्रातही मारेकरी प्रत्यक्ष दिसत नाहीत. कच्च्या टिपणात नाहीत आणि पूर्ण चित्रातही नाहीत. उजवीकडून जमिनीवर पडलेल्या त्यांच्या सावल्या दिसतात. चौकटीबाहेरचे माणूस हे त्यांचे हुकमी साधन इथेही आहे.

नेहरूंच्या व्यक्तिचित्राबद्दल आभार. ‘पोस्ट’चे हे शेवटचे पर्व दुःखदच होते. दूरचित्रवाणीने जाहिराती ओढून नेल्या, मुखपृष्ठावर छायाचित्रे आली आणि १९६९ मध्ये ते साप्ताहिक बंद पडले. ‘पोस्ट’वर रॉकवेल यांचे अखेरचे मुखपृष्ठ १४ डिसेंबर १९६३ चे, केनेडी यांच्या हत्येनंतरचे. तेही नवे नव्हते. १९६० मध्ये केलेले केनेडींचे व्यक्तिचित्रच पुन्हा छापले होते.

प्रतिसाद ६

चर्चा वाचून समाधान वाटले, पण बाजाराचा विषय कोणी काढला नाही. कलासमीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी १९३९ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात आधुनिक चित्रकार ब्राकच्या चित्राच्या विरुद्ध टोकाला उदाहरण म्हणून ‘पोस्ट’चे मुखपृष्ठ ठेवले, आणि पुढची कित्येक दशके समीक्षेत तोच निकाल मानला गेला. नंतर २००१ मध्ये आधुनिक कलेचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात रॉकवेल यांचे प्रदर्शन भरले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ‘सेइंग ग्रेस’ हे १९५१ चे मुखपृष्ठ सदबीजच्या लिलावात ४ कोटी ६० लाख डॉलरना गेले. स्पीलबर्ग आणि जॉर्ज लुकास हे दोघे चित्रपट-दिग्दर्शक रॉकवेल यांचे मोठे संग्राहक आहेत. मग समीक्षा बदलली म्हणून किंमत वाढली, की किंमत वाढली म्हणून समीक्षा बदलली?

धागालेखक

दोन्ही थोडेथोडे खरे असावे. दिग्दर्शकांनी ती जमवावीत यात मला नवल वाटत नाही. पात्रयोजना, नेपथ्य, कॅमेऱ्याची जागा, एका क्षणात अख्खा प्रसंग, हे सगळे त्यांना ओळखीचे वाटले असणार. ‘सेइंग ग्रेस’मध्ये रेल्वेजवळच्या गजबजलेल्या उपाहारगृहात एक वृद्धा आणि तिचा नातू जेवणाआधी मान खाली घालून प्रार्थना करतात आणि त्याच टेबलावरचे दोन तरुण त्यांच्याकडे पाहतात. त्या तरुणांच्या चेहऱ्यावर चेष्टाही नाही आणि भक्तीही नाही, नुसते कुतूहल आहे. चेष्टा काढली असती तर उपदेश झाला असता, भक्ती काढली असती तर कॅलेंडर. या एका निर्णयामुळे ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनाही ते चित्र आपले वाटू शकते.

मुळात मूळ प्रतीला रॉकवेल यांच्या लेखी किती मोल होते, याविषयी ‘ब्रेकिंग होम टाइज’चीच हकीकत बोलकी आहे. हे चित्र आर्लिंग्टनचे त्यांचे शेजारी, ‘हेन्री’ ही चित्रमालिका काढणारे व्यंगचित्रकार डॉन ट्रॅक्टी यांनी अवघ्या ९०० डॉलरना विकत घेतले होते. पुढे अनेक वर्षांनी ते संग्रहालयात लावले गेले तेव्हा तज्ज्ञांना मुलाचा चेहरा छापील मुखपृष्ठापेक्षा वेगळा दिसला, रंगही जुळेनात, पण मध्यंतरी कोणीतरी वाईट डागडुजी केली असावी असे मानून सर्वांनी समाधान करून घेतले. ट्रॅक्टी २००५ मध्ये वारले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलांना घरातल्या लाकडी भिंतीत एक फट दिसली, फळी सरकवली, तर मागे खरे चित्र. घटस्फोटाच्या सुमारास ट्रॅक्टी यांनी स्वतः नक्कल रंगवून ती दर्शनी भागात टांगली होती आणि अस्सल चित्र भिंतीआड ठेवले होते, आणि हे ते आयुष्यभर कोणाला बोलले नाहीत. त्याच वर्षी लिलावात त्या चित्राला १ कोटी ५४ लाख डॉलर मिळाले.

तोवर संग्रहालयात येणारे लोक नकलेसमोर उभे राहून गहिवरत होते. त्यांची फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. १९५४ च्या सप्टेंबरात ज्या लाखो घरांत तो अंक पोहोचला, त्या सर्वांकडे तरी छापलेलेच पान होते, आणि चित्र रंगवले गेले होते ते त्या पानासाठी.